मागच्या सीटवरचं जीपीएस

आमच्या घरात गाडी कुणी चालवायची आणि रस्ता कुणी सांगायचा, याची वाटणी लग्नानंतर लगेचच होऊन गेली. नवरा बाईक फार छान चालवतो. गिअर कधी बदलला, ब्रेक कधी दाबला, मागे बसलेल्याला कळत नाही. पण दिशा म्हणाल तर सगळा आनंद आहे. जन्म मुलुंडचा, शाळा मुलुंडची, तरीही पूर्वेकडून पश्चिमेला जायचं असलं की हा माणूस चौकात गाडी थांबवून आधी आभाळाकडे बघतो. मी मात्र एकदा गेलेला रस्ता विसरत नाही. विमा कचेरीत दिवसभर लोकांचे पत्ते वाचून माझ्या डोक्यात अख्खी उपनगरं जाऊन बसली आहेत, असं माझी ताई म्हणते. तेव्हा हॅण्डल त्याच्याकडे आणि नकाशा माझ्याकडे.

अडचण एकच होती. नवरा आयटीआयमध्ये निदेशक आहे, मुलांना यंत्रं शिकवतो, त्यामुळे सुरक्षिततेच्या बाबतीत कडक. हेल्मेट घेतलं तेही असं, की कान, तोंड, हनुवटी सगळं आत. त्यात वाऱ्याचा आवाज. मी मागून कितीही ओरडले तरी पुढे काही पोचायचं नाही. एकदा मी भांडुपला ‘थांब’ म्हणून ओरडायला सुरुवात केली आणि तो विक्रोळीला थांबला. वर मलाच विचारतो, "काय झालं गं, गप्प का आहेस?"

मग मी बोलणं सोडलं आणि हात वापरायला लागले. डाव्या खांद्यावर चापट मारली की डावीकडे वळायचं, उजव्या खांद्यावर मारली की उजवीकडे. दोन्ही खांदे दाबले की हळू. पाठीत बोट खुपसलं की थांब. आणि शर्ट मागून ओढला, तर समजून जायचं की आपण चुकलो आहोत, गाडी वळवा आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल त्याची तयारी ठेवा. या भाषेवर आम्ही दर रविवारी फिरलो. मुलाला मधे बसवून फिरलो, मुलगा मोठा होऊन पुण्याला शिकायला गेला, तरी फिरलो. आठवडाभर दोघं आपापल्या कामात. रविवारची ही फेरी मात्र आमची. आणि त्या फेरीत माझ्याशिवाय पान हलत नाही, याचा मला गर्व होता. असा गर्व असावा माणसाला. फुकटचा असतो आणि कुणाला दिसत नाही.

या गर्वाला धक्का बसला तो मानखुर्दला.

ताईच्या मुलीचा साखरपुडा होता, मानखुर्दच्या एका हॉलमध्ये. घाटकोपरवरून लिंक रोडने जायचं, उड्डाणपुलावर चढायचं नाही, डावीकडून खाली राहायचं. मला हॉल पाठ होता. पूल दिसायला लागला तशी मी डाव्या खांद्यावर चापट मारली. नवऱ्याने खांदा झटकला. माशी झटकावी तसा. मी पुन्हा मारली, यावेळी जरा जोरात. गाडी एकदा डगमगली आणि सरळ पुलावर चढली.

मी शर्ट ओढला. पण पुलावर कुठून वळणार? खाली उतरलो तेव्हा ट्रकांच्या मधोमध, आणि त्या लोंढ्याबरोबर थेट वाशीच्या खाडीपुलावर. साखरपुड्याला निघालेले आम्ही दोघं, मी पैठणीत, हातात मिठाईची पिशवी, आणि दोन्ही बाजूंना खाडी. परत फिरून हॉलवर पोचलो तोवर बुद्धवंदना होऊन गेली होती, अंगठ्याही घालून झाल्या होत्या, आणि लोक जेवणाच्या रांगेत उभे होते.

"वाट लागली ना?" ताई म्हणाली. "तुला तर सगळे रस्ते पाठ!"

मी नवऱ्याकडे बघितलं. वाटलं, तो सांगेल, ‘हिने बरोबर सांगितलं होतं, मीच वळलो नाही.’ पण तो ताटात कोशिंबीर वाढून घेत होता. एवढंच म्हणाला, "आता जीपीएस घ्यायला हवं. बाईकसाठी मिळतं वेगळं."

मला ते इतकं लागलं, की मी गुलाबजाम घेतला नाही.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज संध्याकाळी जीपीएसची शाळा भरायला लागली. नवऱ्याला एखादी वस्तू घ्यायची असली की तो तिची पूर्ण कुंडली काढतो. मिक्सर घेताना त्याने तीन दुकानदारांना वेड लावलं होतं. आता तो रोज व्हिडिओ बघायचा आणि भाजी चिरणाऱ्या मला सांगायचा. मोबाईल हॅण्डलवर लावणं सगळ्यात सोपं, पण बाईकच्या हादऱ्यांनी त्याचा कॅमेरा बिघडतो. उन्हात फोन तापून बंद पडतो. पावसात स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की त्यांना तो बोटं समजतो आणि आपल्याला भलतीकडे नेतो. बाईकसाठी वेगळं बनवलेलं यंत्र असतं, ते मोजे घातलेल्या हातांनीही चालतं, भर उन्हात दिसतं, पाण्यात भिजलं तरी बिघडत नाही. आणि एक छोटंसं गोल असतं, घड्याळाएवढं. त्यात नकाशाच नसतो, फक्त बाण.

"नुसता बाण?" मी विचारलं.

"हो ना. डावीकडे की उजवीकडे, बस. झकास आहे. बाकी कटकट नाही."

बाकी कटकट नाही! कोथिंबीर मी त्या दिवशी जरा जास्तच बारीक चिरली.

मग पुठ्ठे आले. आयटीआयचा माणूस; त्याला वस्तू घेण्याआधी तिचा आकार हाताळून बघायचा असतो. त्याने बुटाच्या खोक्यातून प्रत्येक जीपीएसच्या मापाचा तुकडा कापला, वर पेनने बाण काढले आणि एकेक तुकडा टेपने हॅण्डलवर चिकटवून बघायला लागला. स्पीडोमीटर झाकला जातो का, किल्ली फिरवताना अडतो का. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हा माणूस हेल्मेट घालून, बंद गाडीवर बसून, पुठ्ठ्याकडे बघत डावीउजवीकडे हॅण्डल फिरवतोय, असा सगळा देखावा. शेजारीपाजारी येता-जाता नमस्कार करायचे आणि माझ्याकडे दयेने बघायचे.

मलाही खाली बोलवायचा. "बस मागे. आता सांग, तुला तिथून दिसतंय का?"

"मला कशाला दिसायला हवं?"

"असंच. सांग ना."

मी मान वाकडी करून बघायचे आणि दिसत असलं तरी नाही म्हणायचे. तो बिचारा पुठ्ठा थोडा वर चिकटवायचा. मी पुन्हा नाही म्हणायचे. माझा स्वभाव असा आहे, आणि तो मी लपवून ठेवलेला नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. गमतीची नाही, खरीखुरी. घरात मुलगा नाही, त्याच्या डब्याची घाई नाही, आणि आता रविवारी मागच्या सीटवरचं कामही जाणार. रस्ता बाण दाखवणार असेल तर मी कशाला? मी म्हणजे मग फक्त वजन. आणि वजन कोण कशाला बरोबर नेतो? गेल्या दोन-तीन रविवारी तो "पेट्रोल भरून येतो" म्हणून एकटाच खाली उतरला होता आणि बऱ्याच वेळाने परत आला होता. आणखीही काही गोष्टी माझ्या नजरेस येत होत्या. जन्मभर टी-शर्ट घालणारा हा माणूस अलीकडे रोज पुढून बटणांचा शर्ट घालत होता. झोपताना माझ्याकडे पाठ करत होता. मी मनात काय काय जुळवलं ते इथे लिहीत नाही. पण जुळवायला मला वेळ लागत नाही.

शेवटी एका रविवारी आम्ही अंधेरीला गेलो. रायडिंगचं सामान विकणारं मोठं दुकान होतं. जॅकेट, बूट, गुडघ्यांना बांधायच्या ढाली. विक्रेता उंच, दाढीवाला, दोन्ही दंडांवर गोंदलेलं, आणि बोलणं मात्र लोण्यासारखं.

"सर, मॅडम पण राइड करतात?"

"मी रस्ता दाखवते," मी म्हणाले.

"अरे वा! मग आता मॅडमना आराम. हे लावलं की मॅडम मागे बसून फक्त एन्जॉय करणार."

मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने लगेच दुसरं खोकं उघडलं. त्यात हेल्मेटमध्ये बसवायचे स्पीकर होते, दोघांसाठी जोडी. एक पुढच्याच्या हेल्मेटमध्ये, एक मागच्याच्या, दोघांना चालू गाडीवर बोलता येतं. "कपल लोक खूप घेतात सर."

"आमचं लग्न जुनं आहे," मी म्हणाले. त्याने ते खोकंही बंद केलं.

नवऱ्याचा जीव त्या गोल बाणात अडकला होता. तीन वेळा उचलून ठेवलं. विक्रेत्याने ओळखलं आणि म्हणाला, डेमोचा पीस लावून देतो, एक चक्कर मारून या. नवऱ्याचा फोन काउंटरवर ठेवून घेतला, माझा फोन त्या यंत्राला जोडून दिला, आणि जुहूचा पत्ता टाकला. पुठ्ठ्याच्या जागी खरा बाण उजळला.

आम्ही निघालो. मी हात मांडीवर ठेवून बसले. हातांना काही काम नसलं की ते किती मोठे वाटतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. बाण डावीकडे झाला, गाडी डावीकडे गेली. बाण सरळ झाला, गाडी सरळ. माझ्याआधी, माझ्याशिवाय, एकदम बरोबर. सिग्नलला शेजारी एक बाई नवऱ्याच्या मागे बसून त्याच्या पाठीवर टिचक्या मारत काहीतरी सांगत होती. मला तिचा हेवा वाटला. डोळ्यांत पाणी आलं आणि हेल्मेटच्या काचेमुळे पुसताही येईना. एवढ्याशा गोल डबीवरून रडायचं म्हणजे हद्द झाली, असं मी स्वतःला सांगत होते, तरी थांबत नव्हतं.

जुहू जवळ आलं तसा बाण उजवीकडे वळला. आणि मला त्याच्या खांद्यावरून दिसलं, की उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव घातलाय. बांबू, पडदे, खुर्च्या, सगळी गल्ली बंद. बाणाला मांडव दिसत नव्हता. नवरा बाणाकडे बघत होता. डावीकडची गल्ली मोकळी होती.

माझा हात माझ्या आधी उठला. डाव्या खांद्यावर चापट बसली. कितीतरी दिवस साठवलेली होती, त्यामुळे जोरात बसली.

"आई गं!"

हेल्मेटच्या आतून, वाऱ्यातून, मला चक्क ऐकू आलं. गाडी डगमगत कडेला गेली आणि एका नारळपाण्याच्या गाडीजवळ थांबली. नवऱ्याने हेल्मेट काढलं. उजव्या हाताने डावा खांदा धरून बसला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. खांदा."

"खांद्याला काय?"

मी नारळपाणी घेऊन त्याच्या हातात दिलं. तेही त्याने उजव्या हातात घेतलं. मग हळूहळू बाहेर आलं. खांदा आखडलाय. खूप दिवस झाले. हात वर जात नाही, म्हणून टी-शर्ट घालता येत नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. रविवारी पेट्रोलच्या नावाखाली तो एकटा चक्कर मारून बघत होता, गाडी अजून झेपते की नाही ते. गाडी झेपत होती. एकच गोष्ट झेपत नव्हती.

"काय नव्हतं झेपत?"

"तुझी चापट," तो म्हणाला. "डावीकडची. मानखुर्दला तर तारे दिसले यार मला. वळायचं कळत होतं गं. हातच चालेना."

"मग सांगायचं ना! तेव्हा ताईसमोर माझी इज्जत गेली!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाईक विकून टाक."

हे खरं होतं. मी अगदी हेच म्हणाले असते, आणि त्याच दिवशी गिऱ्हाईकही बघितलं असतं. तेव्हा मी दुसरीकडून हल्ला चढवला.

"म्हणून तो बाण? मला हाकलायला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भलत्याच भाषेत बोलतेय. "हाकलायला? मग मी तुला मागून दिसतंय का, मागून दिसतंय का, म्हणून का विचारत होतो? बाण दाखवणार, पण तो बरोबर की चूक ते तू बघणार ना! मला काय कळतंय? आत्तासुद्धा मी मांडवात घातली असती गाडी. डायरेक्ट पंगतीत."

मला हसू आलं, आणि रडूही मघाचंच होतं, ते दोन्ही एकदम झालं. नारळवाल्याने न विचारता मलाही एक नारळ सोलून दिला.

"आणि तू दर वेळी नाही दिसत म्हणालीस," नवरा म्हणाला. "मी किती पुठ्ठे कापले."

"मला दिसत होतं."

"माहितीये. आरशात तुझं तोंड दिसत होतं मला."

आम्ही जुहूला गेलोच नाही. तिथूनच परत दुकानात आलो. गोल बाण मीच काउंटरवर ठेवला आणि दाढीवाल्याला म्हणाले, ते मघाचं दुसरं खोकं काढा, जोडीचं. तो लगबगीने स्पीकर बसवायला लागला. मॅपचा आवाजही यातच येतो मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, आवाज नको, नकाशा माझ्या फोनवर चालू राहील आणि फोन माझ्या हातात राहील. हॅण्डलचे हादरे फोनला नकोत आणि माझे यांच्या खांद्याला नकोत. त्याला अर्धं कळलं, पण मान पूर्ण हलवली. नवऱ्याला मात्र मी तिथेच बजावलं, उद्या डॉक्टरकडे. तो हो म्हणाला. (गेलोही. व्यायाम दिलाय. गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले, फक्त खांद्याला जपा. हे वाक्य डॉक्टर माझ्याकडे बघून का म्हणाले, ते नवऱ्यालाच ठाऊक.)

अंधेरीहून मुलुंडला परत येताना पवईचा रस्ता घेतला. हेल्मेटमध्ये आधी नुसती खरखर होती. एवढी वर्षं मागे बसून मी एक शब्द बोलले नव्हते. हात बोलायचे, आणि हात आता मांडीवर होते.

तेवढ्यात कानात त्याचा आवाज आला. माझ्याशी बोलतोय असं आधी वाटलंच नाही, इतका सहज होता. "काय रिक्षावाला आहे, बघ, हात काढून वळला. शाबास." मग थोडं गुणगुणणं, फार बेसूर. मग, "हा चहावाला आज बंद दिसतोय." मग, "आला गं तुझा तलाव. बघ, आज पाणी कसं आहे. अगदी घासलेल्या ताटासारखं."

मी डावीकडे बघितलं. खरंच तसं होतं. पवईवरून जाताना मी दर वेळी तलावाकडे बघते, हे मी त्याला कधीच सांगितलेलं नव्हतं.

"तू कुणाशी बोलतोयस?" मी विचारलं.

गाडी जराशी दचकली. "अरे! ऐकू येतंय, नाही का. विसरलोच."

"विसरलास म्हणजे? तू असा नेहमी बोलतोस?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. का गं?"

"मला काही ऐकू यायचं नाही रे."

"माहितीये ना," तो म्हणाला. "पण तू मागे असायचीस."

मी फोनवरच्या नकाशाकडे बघत बसले. काय बघत होते कोण जाणे, निळा ठिपका नुसता पुढे सरकत होता. इतके रविवार आठवले. भांडुप, बोरिवली, मुलगा मधे बसलेला, मुलगा नसलेला. मला वाटायचं आम्ही दोघं गप्प जातो. हा माणूस पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलत होता.

पुढे मुलुंडकडे जायचं डावं वळण आलं. माझा हात सवयीने उचलला गेला होता. मी तो परत मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "डावीकडे."

"हो गं, वळतोय," कानात आवाज आला. जराही विचार न करता, पाठ असल्यासारखा. प्रत्येक चापटीला तो हेच म्हणत आला होता.